मुंबईतल्या कुंडीतली कॉफी: कात्री कुठे, केव्हा आणि किती

मुंबईच्या नर्सऱ्यांमध्ये हल्ली कॉफीचं रोप सहज मिळतं. पानं गडद हिरवी आणि चकचकीत, कडा जराशा लहरी. दिसायला छान म्हणून लोक ते घरी आणतात. दोन-तीन वर्षांत शेंडा खिडकीच्या ग्रिलच्या वरच्या पट्टीला टेकतो, खाली खोड उघडं पडतं, वर पानांचा झुपका राहतो आणि फळांचा पत्ता नसतो. मग जास्वंद छाटतात तशी कात्री चालते, वरून सरसकट. जास्वंदीला ते चालून जातं, कारण ती कुठूनही फुटते. कॉफीच्या खोडावरचे काही डोळे (जिथून नवी फांदी फुटते ते बारीक कोंब) मात्र असे असतात, की त्यांतून आलेली फांदी एकदा गेली की त्या जागी तशी फांदी पुन्हा कधीच येत नाही. म्हणून या झाडाला हात लावण्याआधी फांदी ओळखायला शिकायचं. ते जमलं की छाटणीचं निम्मं काम झालं.

झाड कोणतं आहे?

कॉफीच्या दोन मुख्य जाती आपल्याकडे लावल्या जातात, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका मूळची इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. तिला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं. रोबस्टाला २० ते ३० अंश चालतं आणि दमट हवाही सोसते. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघतं ते अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं, आणि ते आहे हजार मीटरच्या वर. मुंबई समुद्राला लागून. त्यामुळे इथे अरेबिका छान वाढते, पानांनी भरते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तिच्या कळ्या बऱ्याचदा नीट उमलत नाहीत. हवामानाच्या दृष्टीने मुंबईला रोबस्टा जवळची.

पण रोबस्टाची एक अट आहे. तिला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. बियांपासून वाढलेली दोन वेगळी झाडं जवळ हवीत. अरेबिका एकटी असली तरी फळते. पान तळहाताहून बरंच मोठं, शिरांमध्ये फुगल्यासारखं असेल तर ती बहुधा रोबस्टा. पान लहान, गुळगुळीत आणि निमुळतं असेल तर अरेबिका. नर्सरीत विचारून घ्या. तिथे सांगता आलं नाही तर पानावरून अंदाज बांधा.

माटुंग्याच्या बाजारातून जाताना ताज्या भाजलेल्या कॉफीच्या वासाने अनेकांना बी पेरण्याची हुक्की येते. भाजलेली बी उगवत नाही. दुकानातली कच्ची हिरवी बीसुद्धा साठवणुकीत काही महिन्यांतच उगवण्याची ताकद गमावते. रोपच आणा.

आणि अपेक्षा पहिल्यापासून खरी ठेवा. १ किलो तयार दाण्यांसाठी पाच-सहा किलो ताजी फळं लागतात. गॅलरीतल्या एका झाडाकडून वर्षाला एखाद-दोन वेळची फिल्टर कॉफी निघाली तरी ते झाड उत्तम सांभाळलंय असं मी म्हणेन. छाटणीने मिळतं ते निरोगी, घाटदार, खालपासून पानांनी भरलेलं झाड. फळं त्याच्यामागून येतात.

आडवी आणि उभी

कॉफीच्या झाडाला दोन तऱ्हेची वाढ असते. मधलं खोड सरळ उभं वाढतं. त्याच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं आणि त्या पानांच्या बगलेतून दोन आडव्या फांद्या येतात. फुलं-फळं धरतात ती याच आडव्या फांद्यांवर. रोप लहान असताना खालच्या काही पेरांवर आडव्या फांद्या येतच नाहीत. आठ-दहा पेरं झाल्यावर पहिली जोडी फुटते, तेव्हा नव्या रोपाला फांद्या नाहीत म्हणून शेंडा खुडायची घाई करू नका.

आता खोडावरचं एक पेर जवळून बघा. चष्मा लावा, हवं तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. पानाच्या बगलेत एकाखाली एक असे बारीक डोळे असतात. त्यांतला सगळ्यात वरचा, पानाच्या देठापासून किंचित वर सरकलेला, तेवढाच आडवी फांदी देतो. तो एकच. खालचे डोळे राखीव असतात आणि ते जागे झाले की त्यांतून फक्त उभे फुटवे येतात. म्हणजे खोडालगत आडवी फांदी कापली की त्या पेराची त्या बाजूची फळायची जागा कायमची गेली. तिथून पुढे काही फुटलंच तर ते उभंच फुटणार.

आमच्या सोसायटीतली झाडं बघणारे माळीदादा एकदा कात्री घेऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, या खालच्या बाजूच्या फांद्या उडवतो, म्हणजे झाड सरळ वर जाईल." त्यांचं बरोबरच होतं, बहुतेक झाडांना आपण तसंच करतो. मी म्हटलं, "दादा, त्या राहू द्या. हे मधले उभे आलेत ना, ते काढा." त्यांनी प्रत्येक फांदीला हात लावून विचारलं, ही उभी की आडवी, आणि दहा मिनिटांत झाड मोकळं झालं. हाच प्रश्न प्रत्येक फांदीला विचारायचा. खोडापासून जवळपास काटकोनात निघून बाजूला जाणारी ती आडवी. खोडाला समांतर, सरळ आकाशाकडे जाणारा तो फुटवा, डाळिंबवाले ज्याला पानसोट म्हणतात तसलाच.

दुसरी गोष्ट काळाची. कॉफीला फळ येतं ते मागच्या हंगामात वाढलेल्या कोवळ्या काडीवर. जे पेर एकदा फळलं, ते सहसा पुन्हा फळत नाही. फळांची जागा दरवर्षी फांदीच्या टोकाकडे सरकत जाते आणि खोडाजवळची काडी उघडी पडते. छाटली नाही तर तीन-चार वर्षांत फांदीचा लांब चाबूक होतो, टोकाला चार पानं आणि दोन फळं. छाटणी करायची ती पुढच्या वर्षीची फळकाडी खोडाच्या जवळ तयार व्हावी म्हणून.

हत्यारं

एक चांगली सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरे. धार अशी हवी की पेन्सिलीएवढी काडी एका दाबात, न चिरडता तुटावी. प्रत्येक झाडाआधी पाती स्पिरिटने पुसा. अंगठ्याहून जाड खोडाला छोटी दातेरी करवत लागते. मोठ्या जखमांवर बुरशी धरू नये म्हणून लावायचा लेप, बोर्डो पेस्ट, घरी करता येतो: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. चुना विझताना तापतो, म्हणून हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. गॅलरी रस्त्यावर उघडत असेल तर खाली चादर धरून कापा.

मुंबईचं वेळापत्रक

कोडगू आणि चिकमगळूरच्या मळ्यांत फळतोडणी संपली की मोठी छाटणी होते. तिथे अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यानंतर. मग मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरींनी फुलोरा येतो. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ सालापासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे आणि दक्षिणेतल्या मळ्यांची छाटणीची पद्धत तिथल्या शिफारशींवर बेतलेली आहे. आपल्याला ती जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण आपला पाऊस वेगळा. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बाकी आठ महिने जवळजवळ कोरडे. छाटणी या पावसाभोवती बसवायची.

मोठी छाटणी जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हवा कोरडी आणि सुखद असते, जखमा सुकतात आणि उन्हाळ्याआधी नवी पालवी धरते. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा हात फिरवायचा, तो मुख्यतः झाडाचं पोट मोकळं करण्यासाठी, म्हणजे पावसाळ्यात आत वारा खेळेल. जून ते ऑगस्ट कात्री बाजूला ठेवा. सतत ओली जखम सडते. उभे फुटवे मात्र बोटाने मोडत राहायचे. सप्टेंबरच्या उघडिपीत पुन्हा एकदा फुटवे आणि आतली गर्दी काढायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात काही मोठं कापू नका, सावलीची सवय असलेलं खोड अचानक उन्हात पडलं की साल करपते. मळ्यांत तर उघड्या, तापलेल्या खोडाची आणखी एक भीती असते. अरेबिकाचं खोड पोखरणारी पांढरी अळी अशाच खोडांवर जास्त येते, म्हणून तिथे सावली आणि छाटणी यांचा विचार नेहमी एकत्र होतो.

पहिलं काम: शेंडा मारणे

मळ्यात शेंडा साधारण अडीच फुटांवर मारतात आणि पुढे एक फुटवा वाढवून साडेचार-पाच फुटांवर दुसरा मजला चढवतात. गॅलरीत पहिलाच मजला पुरे. गच्ची असेल आणि कुंडी अठरा इंची असेल तरच दुसऱ्याचा विचार करा.

रोप तीन फुटांच्या आसपास गेलं आणि खाली आडव्या फांद्यांच्या निदान पाच-सहा जोड्या आल्या की शेंडा मारायचा. कुंडीच्या मातीपासून अडीच फूट मोजा. तिथे आसपास आडव्या फांद्यांची जी जोडी असेल, तिच्या वर बोटाच्या एका पेराएवढी जागा सोडून खोड तिरकं कापा. काप तिरका असला की पाणी साचत नाही. मग त्या सर्वांत वरच्या जोडीतली एक फांदी खोडापासून काढून टाका. आडव्या फांद्या जपा असं वर सांगितलं, त्याला हा एकच अपवाद, आणि त्याला कारण आहे. दोन्ही फांद्या जाड झाल्या, फळांनी वाकल्या की वरून आधार नसलेलं खोड त्यांच्या मधोमध फाटतं. एक काढली की ही भीती जाते.

शेंडा मारला की वाढ आडव्या फांद्यांकडे वळते. त्या जाड होतात, त्यांच्यावर उपफांद्या फुटतात आणि झाड छत्रीसारखं पसरायला लागतं. दोन महिन्यांत हा फरक डोळ्यांना दिसतो.

वर्षभराचं काम: उभे फुटवे

शेंडा मारल्यावर खालचे राखीव डोळे जागे होतात. कापाच्या खालच्या दोन-तीन पेरांतून आणि कधी खोडाच्या बुडातूनही उभे फुटवे निघतात. त्यांची वाढ जोरकस असते, झाडाचं अन्न तेच ओढतात आणि आडव्या फांद्या उपाशी राहतात. नवख्या माणसाला हे फुटवे झाड सुधारल्याचं लक्षण वाटतात, कारण ते टवटवीत असतात. तेच आधी काढायचे.

फुटवा दोन बोटं लांब आणि अजून हिरवा, लुसलुशीत असतानाच पकडा. अंगठा त्याच्या बगलेत वरून ठेवा आणि खाली, बाजूला दाबा. टक् असा आवाज येऊन तो टाचेसकट निघतो आणि खोडावर छोटी गोल खूण राहते. टाचेसकट निघाला की त्या डोळ्यातून पुन्हा फुटायला वेळ लागतो. महिनाभर दुर्लक्ष झालं, फुटवा तपकिरी झाला, तर मग कात्री लागते. कात्रीने थोडासा खुंट उरतोच आणि त्या खुंटाच्या बुडातून एकाऐवजी तीन फुटवे येतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा खोडावरून बोट फिरवलं तर कात्रीची वेळच येत नाही. माझ्या मते कॉफीच्या छाटणीत सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि त्याला हत्यार लागत नाही.

पोट मोकळं करणे

खोडाभोवती सहा इंचांपर्यंत आडव्या फांद्यांवर ज्या उपफांद्या असतील त्या सगळ्या काढा. आडवी फांदी तशीच राहते, तिच्यावरची खोडाजवळची गर्दी तेवढी जाते. वरून बघितलं तर मधोमध ताटलीएवढी मोकळी जागा दिसली पाहिजे. त्यातून उजेड आणि वारा आत जातो. मुंबईच्या पावसाळ्यात बंद, दमट पोटात पानं काळी पडून चिकटतात आणि पानांच्या पाठीवर तांबेऱ्याची नारिंगी पूड दिसते. दोन्ही बुरशीचे आजार आहेत. मोकळ्या झाडात पानं लवकर वाळतात, म्हणून ते कमी होतात.

सहा इंचांच्या पुढे प्रत्येक आडव्या फांदीवर तीन-चार उपफांद्या ठेवा, एक डावीकडे तर पुढची उजवीकडे अशा. वर उठणाऱ्या, खाली लोंबणाऱ्या, उलटून खोडाकडे वळणाऱ्या, दुसरीवर घासणाऱ्या काढून टाका. इथे हात सैल ठेवायला हरकत नाही. आडव्या फांदीवरच्या पेरांत डोळे भरपूर असतात आणि तिथून उपफांद्या पुन्हा पुन्हा येतात. खोडावर जी काटकसर करायची, ती इथे लागत नाही.

फळल्यानंतर

फळं उतरवल्यावर प्रत्येक फांदी हातात घ्या आणि खोडापासून टोकापर्यंत बघत जा. जिथे काडी करडी, खरखरीत आणि पानं गळलेली आहे, तिथून फळून गेलेलं लाकूड सुरू होतं. मध्ये कुठे जोमदार उपफांदी असेल तर तिच्या जरा पुढे कापा, म्हणजे आता तीच टोक होईल. उपफांदी नसेल तर खोडापासून तीन-चार जिवंत पेरं ठेवून आखूड करा. वाळलेली टोकं हिरवं लाकूड लागेपर्यंत मागे घ्या.

एका वेळी झाडावरच्या पानांपैकी पाव हिश्शापेक्षा जास्त काढू नका. कुंडीतल्या झाडाची मुळं मर्यादित, त्याला सावरायला वेळ लागतो. काम जास्त असेल तर अर्धं जानेवारीत आणि अर्धं मेमध्ये करा.

फळांच्या बाबतीतही हात थोडा कठोर ठेवावा लागतो. कॉफी आपल्या कुवतीपेक्षा जास्त फळं धरते, पानांतलं सगळं अन्न फळांना जातं, फांद्या टोकाकडून वाळत येतात आणि पुढचं वर्ष कोरडं जातं. पहिल्यांदा फळणाऱ्या लहान झाडावर मूठभर हिरवी फळं ठेवून बाकीची काढून टाका. जड जातं, मला माहीत आहे. तरी काढा.

ताण आणि पाणी

छाटणीनंतर फेब्रुवारीत कळ्या पेरांत दाण्याएवढ्या होऊन थांबतात. त्या पाण्याची वाट बघत असतात. आपल्याकडे संत्र्या-मोसंबीचा बहर धरायला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, कॉफीलाही तोच न्याय लागू. पण कुंडीला बागेसारखा ताण दिला तर झाड मरेल. पाणी तोडायचं नाही, दोनेक आठवडे निम्मं करायचं. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरतात इतपतच. मग एके दिवशी कुंडी तळातून पाणी वाहीपर्यंत भरा. साधारण आठ-दहा दिवसांत पांढरी फुलं उमलतात, मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास घरभर असतो आणि दोन-तीन दिवसांत ती कोमेजतात. त्या दिवसांत पानांवर पाणी मारू नका. रोबस्टा असेल तर मऊ ब्रशने एका झाडाचा पराग दुसऱ्याला लावा. दुपारचं ऊन थेट येत असेल तर मार्चपासून पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा.

खत म्हणून गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे, छाटणीनंतर आणि पुन्हा जूनच्या सुरुवातीला. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की फांद्यांच्या बगला तपासा, तिथे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढा.

झाड हाताबाहेर गेलं असेल तर

खाली सगळं उघडं खोड आणि छताला टेकलेला शेंडा अशा झाडाला शेंडा मारून उपयोग नाही. गेलेल्या आडव्या फांद्या परत येणार नाहीत. पण खालचे राखीव डोळे शाबूत असतात आणि त्यांच्या जोरावर झाड नव्याने उभं करता येतं. जानेवारीच्या शेवटी मातीपासून १ फुटावर खोड तिरकं कापा आणि कापाला बोर्डो पेस्ट लावा. कुंडी सावलीत ठेवा, पाणी कमी करा, कारण पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही आणि मुळं कुजतात. दीड-दोन महिन्यांत खुंटावर बरेच फुटवे येतील. वीतभर झाले की कापापासून थोडा खाली असलेले दोन दणकट ठेवा, बाकी मोडा. पावसाळा संपताना त्यांतला सरस एक ठेवून दुसरा काढा. हा फुटवा म्हणजेच आता नवं खोड. त्याच्यावर नव्या पेरांतून आडव्या फांद्या येतात, आणि अडीच फुटांवर त्याचाही शेंडा मारायचा. फळासाठी मात्र दोन-तीन वर्षं थांबावं लागेल.

जूनमध्ये मोडलेले फुटवे फेकू नका. हिरव्या, पेन्सिलीएवढ्या फुटव्याचे एकेका पेराचे तुकडे करा, पानं निम्मी कापा, ओल्या कोकोपीटमध्ये खोचून वर पारदर्शक बरणी उपडी घाला आणि उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात. काडी उभ्या फुटव्याचीच हवी. आडव्या फांदीची काडी रुजली तरी तिचं सरळ झाड होत नाही, ती जमिनीलगत आडवीच पसरत राहते. आणि झाड रोबस्टाचं असेल तर त्याच्याच काडीपासून केलेलं रोप त्याला परागासाठी जोडीदार म्हणून चालत नाही. ते रोप ओळखीच्या दुसऱ्या रोबस्टावाल्याला द्या आणि त्याच्या झाडाची काडी आपल्याकडे आणा.